दहा ते पाच घरात कोण?

‘घर पाहावं बांधून आणि लग्न पाहावं करून’ ही म्हण आपल्याकडे आहे, आणि ‘मने कट्टि नोडु, मदुवे माडि नोडु’ ही कन्नडमध्येही आहे. दोन्ही भाषा एकाच स्वयंपाकघरात बोलणाऱ्या आमच्यासारख्यांना हे शहाणपण दोन्ही बाजूंनी ऐकावं लागतं. पण भाड्याचं घर कसं पाहावं, याबद्दल मात्र दोन्हीकडच्या जाणत्या माणसांनी काही सांगून ठेवलेलं नाही. बांधणारा एकदाच चुकतो. भाडेकरूला दर अकरा महिन्यांनी चुकायची संधी असते.

परवा आमच्या कॉलेजातल्या एका तरुण सहकाऱ्यानं विचारलं, “सर, अनगोळकडे एक रो-हाऊस मिळतंय आणि हिंदवाडीत फ्लॅट. भाडं जवळजवळ सारखंच. काय घेऊ?” त्याला लगेच उत्तर देणं मला जमलं नाही. कारण हाच प्रश्न २०२३ मध्ये आमच्या घरी आला होता, आणि त्याचं उत्तर मी मोठ्या आत्मविश्वासानं चुकवलं होतं.

तेव्हा आम्ही शहापुरात एका घराच्या माडीवर भाड्यानं राहत होतो. खाली मालक, वर आम्ही. बायको बँकेत, मी कॉलेजात, मुलगी हायस्कूलला. त्या वर्षी सासरे गेले आणि बैलहोंगलजवळच्या गावातल्या घरात सासूबाई एकट्या पडल्या. बायको त्यांना अव्वा म्हणते, मीही अव्वाच म्हणतो. त्यांना आमच्याकडे आणायचं ठरलं. त्यांचं वय बहात्तर, दोन्ही गुडघे दुखरे. मराठी त्यांना समजतं, पण बोलणं सगळं कन्नडमध्ये. आमच्या माडीचा जिना अरुंद आणि उभा होता. तेव्हा घर बदलणं भाग होतं.

रविवारी स्कूटरवरून हिंडून ‘मने बाडिगेगे इदे’ आणि ‘घर भाड्याने देणे आहे’ असे फलक वाचत आम्ही शेवटी दोन घरांवर आलो. एक रो-हाऊस. एका ओळीत सहा घरं, शेजारच्या घराशी भिंत सामाईक. दारात छोटा कट्टा, तुळशीला जागा, गाडीला जागा, वर स्वतःची गच्ची. खाली हॉल, स्वयंपाकघर आणि जिन्याखाली एक संडास. न्हाणीघर आणि दोन्ही झोपायच्या खोल्या वर. दुसरं घर म्हणजे लिफ्ट असलेल्या अपार्टमेंटमधला दुसऱ्या मजल्यावरचा दोन बेडरूमचा फ्लॅट. सगळं एका पातळीवर, पण दार उघडलं की समोर दुसऱ्याचं बंद दार.

माझं मत रो-हाऊसला होतं. मी चक्क कागद घेऊन हिशेब मांडला. रो-हाऊसचं भाडं अकरा हजार. फ्लॅटचं साडेनऊ हजार, वर मेंटेनन्स बाराशे, म्हणजे दहा हजार सातशे. फरक महिन्याला तीनशे रुपयांचा. या तीनशे रुपयांत गच्ची, तुळस आणि कट्टा! शिवाय अपार्टमेंटमध्ये असोसिएशनचे नियम असतात. गच्चीवर सांडगे-पापड घालायचे तर विचारा, पाहुण्याची गाडी कुठं लावायची ते विचारा. बैठकीत मत मालकाचं असतं, आपण फक्त मेंटेनन्स भरायचा. उलट रो-हाऊसला आपला नळ, आपली टाकी, आपली मोटर. हेस्कॉमचा मीटरही स्वतंत्र. त्याच वर्षी जुलैपासून गृहज्योती योजना सुरू होत होती. शहापुरात वरखाली मिळून एकच मीटर असल्यानं आमच्या नावावर सवलत जोडता आली नसती. स्वतंत्र आरआर नंबर असला की भाडेकरूलाही ती मिळते.

बायको म्हणाली, “अहो, हिशेब बरोबर आहे. पण अव्वा आंघोळीला रोज वर जाणार का?”

मी म्हटलं, “सावकाश जातील. तेवढाच व्यायाम.”

हे वाक्य मी बोललो होतो. आजही आठवलं की मान खाली जाते.

करार झाला अकरा महिन्यांचा. हा अकराचा आकडा कुठून आला ते पुष्कळांना ठाऊक नसतं. १९०८ च्या नोंदणी कायद्याप्रमाणे एक वर्षापेक्षा जास्त मुदतीचा भाडेकरार नोंदवावाच लागतो. ती यातायात टाळायला आपल्याकडे अकरा महिने लिहितात. शिनोळी ओलांडून महाराष्ट्रात गेलं की नियम वेगळा. तिथल्या १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्यानुसार करार लेखी करून नोंदवावाच लागतो, मुदत कितीही असो, आणि ती जबाबदारी घरमालकाची. आपल्या कर्नाटकाचाही १९९९ चा भाडे कायदा आहे, पण दरमहा साडेतीन हजारांहून अधिक भाड्याच्या घरांना तो लागूच होत नाही. म्हणजे आज आपण घेतो त्या बहुतेक घरांत आपलं संरक्षण काय, तर करारात लिहिलेलं. नोटीस किती दिवसांची, डिपॉझिट कधी परत, रंगाचे पैसे कापणार का, गळती कुणी काढायची, हे सगळं सही करण्याआधी कागदावर आलं पाहिजे. मी डिपॉझिटचं लिहून घेतलं. गळतीचं घेतलं नाही.

त्या वर्षी जून कोरडा गेला आणि जुलैत पावसानं जोर धरला. ज्या गच्चीसाठी मी तीनशे रुपये जादा मोजत होतो तिनं माझ्याच अभ्यासाच्या टेबलावर पाणी गाळायला सुरुवात केली. रो-हाऊसमध्ये छप्पर पूर्ण आपल्या डोक्यावर असतं, त्याचा हा दुसरा अर्थ. मालक म्हणाले, “पाऊस थांबू दे, मग बघू.” बेळगावात पाऊस थांबायची वाट बघणं म्हणजे काय ते वाचकांना सांगायला नको.

पण खरा विषय गळतीचा नाही. पहिले काही दिवस अव्वांची खाट आम्ही खाली हॉलमध्ये टाकली. चार दिवसांत त्या कंटाळल्या. माझे विद्यार्थी येतात, मुलीच्या मैत्रिणी येतात, गॅसवाला येतो. येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या समोर बाईमाणसानं झोपायचं कसं? त्यांनी स्वतःच खाट वर न्यायला लावली. मग सकाळी खाली, जेवून वर, चहाला खाली, रात्री पुन्हा वर. सोळा पायऱ्या. त्या किती आहेत हे मी नंतर मोजलं.

आणि तरीही अव्वा त्या घरात खूश होत्या, हेही खरं सांगितलं पाहिजे. आम्ही दहाला बाहेर पडलो की त्या कट्ट्यावर येऊन बसत. भाजीवाली थांबे, फुलं विकणारी थांबे. शेजारच्या काकू मराठी, खानापूरकडच्या. त्या मराठीत बोलत, अव्वा कन्नडमध्ये बोलत, आणि दोघींचं तासन्‌तास व्यवस्थित चाले. येणारी-जाणारी कुणी ना कुणी “ऊटा आतेन्री?” विचारून जाई. नवरा गेल्यानंतर त्या पहिल्यांदा हसल्या त्या या कट्ट्यावर. हे काही मी भाडं ठरवताना मोजलेलं नव्हतं. ते आपोआप मिळालं.

ऑगस्टमध्ये एका बुधवारी अकराच्या सुमाराला, आंघोळ करून ओल्या पायांनी खाली येताना अव्वा घसरल्या. शेवटच्या चार पायऱ्या. आम्ही कुणीच घरी नव्हतो. सामाईक भिंतीपलीकडे काकू भाकऱ्या थापत होत्या. त्यांनी आवाज ऐकला, हाका मारल्या, दार वाजवलं. दाराला आतून कडी. अव्वा बसल्या बसल्या सरकत दारापर्यंत गेल्या आणि डाव्या हातानं कडी काढली. उजवं मनगट मोडलं होतं. काकूंनीच रिक्षा बोलावून त्यांना दवाखान्यात नेलं आणि मग मला फोन केला. मी तासाला वर्गात होतो, फोन बंद. बायको आधी पोचली.

सहा आठवडे प्लास्टर. “मनगटावर निभावलं,” असं डॉक्टर म्हणाले. या वयात खुबा मोडला असता तर काय, हे त्यांनी न सांगताही कळलं. अव्वांनी मला एका शब्दानं दोष दिला नाही. उलट, पाय नीट न पुसणं ही आपलीच चूक, असं त्या सगळ्यांना सांगत राहिल्या. ते ऐकणं जास्त जड गेलं.

त्या सहा आठवड्यांत मला एक गोष्ट कळली, जी बायकोला पहिल्या दिवशीच कळली होती. मी घर पाहायला गेलो तो संध्याकाळी, रविवारी. मी त्या घरात रात्री झोपणार होतो आणि रविवारी गच्चीवर खुर्ची टाकून बसणार होतो. माझ्या कागदावरचा सगळा हिशेब माझ्या त्या चार तासांचा होता. घरात दहा ते पाच राहणार होत्या अव्वा. त्यांना मी घर दाखवायलाही नेलं नव्हतं. सामान लागल्यावर आणलं.

अकरा महिने संपल्यावर आम्ही फ्लॅटमध्ये आलो. पहिला नाही, दुसरा. बारा बिऱ्हाडांचं लहान अपार्टमेंट, पहिला मजला, लिफ्ट आहे. या खेपेला घर ठरवण्याआधी अव्वांना घेऊन गेलो, तेही सकाळी अकरा वाजता. त्यांनी खोल्या फार पाहिल्या नाहीत. न्हाणीघराचा उंबरा पाहिला, संडासात धरायला काही आहे का पाहिलं, मग खाली जाऊन पंपाच्या खोलीशेजारच्या बाकावर बसल्या. तिथं वॉचमनची बायको मेथी निवडत होती. ती गोकाककडची. दहा मिनिटांनी अव्वांच्या मांडीवरही मेथीची जुडी होती. बायकोनं माझ्याकडे पाहिलं. मी हिशेबाचा कागद खिशातून काढलाच नाही.

म्हणजे फ्लॅट चांगला आणि रो-हाऊस वाईट, असं मला म्हणायचं नाही. फ्लॅटमध्ये पहिला महिनाभर अव्वा गप्प होत्या. लिफ्टमध्ये एकट्या जायला घाबरत. शेजारच्या मुलानं बटण कुठलं दाबायचं ते शिकवलं. आदल्या वर्षी राज्यात दुष्काळ पडला होता, त्या उन्हाळ्यात बोअरचं पाणी उतरलं आणि टँकरचे पैसे बारा घरांत वाटले गेले. लिफ्टची नि पंपाची वीज तर कायमच मेंटेनन्समधून जाते, ती काही गृहज्योतीत बसत नाही. तुळस आता बाल्कनीत, वाकड्या उन्हात उभी आहे. आणि इथं भिंतीपलीकडचा आवाज सहज ऐकू येत नाही. म्हणून आल्या आठवड्यातच आम्ही एक किल्ली समोरच्या बिऱ्हाडात देऊन ठेवली आणि दाराला आतून कडी न घालता लॅच लावून घेतलं. ज्या घरानं अव्वांना पाडलं त्याच घराच्या पातळ भिंतीनं त्यांना वाचवलं होतं, हे आम्ही विसरलेलो नाही.

दर सोमवारी दुपारी अव्वा रिक्षा करून जुन्या घराकडे जातात. काकूंच्या कट्ट्यावर दोघी बसतात. कधी काकू इकडे येतात, लिफ्टला नावं ठेवत. रिक्षाचे महिन्याचे पैसे साधारण पाचशे होतात. माझ्या जुन्या हिशेबात वाचवायचे होते त्याहून जास्तच. पण हे पैसे कुणी मोजत नाही.

त्या तरुण सहकाऱ्याला मी एवढंच विचारलं, “दहा ते पाच घरात कोण असतं?”

“कुणी नाही सर. आम्ही दोघंही नोकरीला.”

“मग रो-हाऊस घे. फक्त गळती कुणी काढायची ते करारात लिहून घे, आणि आधीच्या घराची गृहज्योतीची जोडणी सोडवून मग नव्याला जोड.”

तो निघाला, दारात थांबला. म्हणाला, “दिवाळीनंतर आई येणार आहे निपाणीहून. राहायलाच.”

“मग आधी आईला बोलावून घे,” मी म्हटलं. “दोन्ही घरं दाखव. आणि रविवारी संध्याकाळी नको. सोमवारी अकरा वाजता ने. तासाची काळजी करू नको, तुझा तास मी घेतो.”