धुळीचा हिशेब



मागील अंकात आम्ही रेशनकार्डावरील नावाच्या दुरुस्तीबद्दल लिहिले होते. त्यावर आलेल्या पत्रांना पुढील अंकी उत्तरे देऊ. यावेळचा विषय मुलांच्या हौसेचा आहे, पण थोरांनीही वाचावा.

आमची बहीण येलदरीस दिलेली. पूर्णा नदीवरच्या धरणाचे गाव, तालुका जिंतूर. तेथे दाजींचे लहानसे गॅरेज आहे. ट्रॅक्टर, जीप, मोटारसायकल, जे दारात येईल ते दुरुस्त करायचे. भाचा नववीत शिकतो. त्याच्या शाळेत प्रदर्शन भरणार होते. निम्म्या वर्गाने धरण आणि वीजगृह करायला घेतले, येलदरीत ते साहजिकच. आमच्या भाच्याने मात्र रेसची जुनी मोटार करायचे मनावर घेतले. आम्ही दिवाळीला गेलो तेव्हा तो मोबाईलवर फोटो शोधून बसला होता.

त्याने निवडलेली गाडी म्हणजे अमेरिकेतील बफेलो शहरात तयार झालेली थॉमस फ्लायर. १९०८ साली न्यूयॉर्क ते पॅरिस अशी मोटारींची शर्यत झाली. १२ फेब्रुवारीला सहा गाड्या निघाल्या. भर हिवाळ्यात अमेरिका ओलांडायची, बोटीने जपान गाठायचा, तेथून व्लाडिवोस्टॉक, मग सैबेरिया, मॉस्को, बर्लिन आणि पॅरिस. रस्ता नसेल तेथे रेल्वेच्या रुळांवरून गाडी हाकायची. थॉमस फ्लायर १६९ दिवसांनी, ३० जुलैला पॅरिसला पोचली. जर्मनीची प्रोटोस चार दिवस आधीच आली होती, पण तिने काही वाट आगगाडीने कापली म्हणून तिला दंडाचे दिवस लागले आणि अमेरिकेची गाडी विजयी ठरली. शेवटपर्यंत तीनच गाड्या पोचल्या.

जपानी कंपन्यांचे प्लॅस्टिकचे तयार संच शहरात मिळतात. सुटे भाग चिकटवले की हुबेहूब गाडी उभी राहते. परंतु त्यांच्या किमती हजारांच्या घरात, तेव्हा तो मार्ग बंद. आम्ही वाणिज्य शाखेचे. आम्ही मुलाला एवढेच सांगितले की आधी माप ठरव. एक फुटाला एक इंच धरला, म्हणजे मूळ गाडीच्या बारावा हिस्सा. फोटोत चाकाशेजारी माणूस उभा आहे. तो साडेपाच फुटांचा धरला तर चाक अंदाजे तीन फुटांचे येते, म्हणजे आपले चाक तीन इंचांचे. दाजींच्या अडगळीत ७५ मिलिमीटरचा शेतीचा पाइप निघाला, तो जवळजवळ तीन इंच भरतो. त्याच्या चकत्या कापून चाकांच्या धावा झाल्या, उदबत्तीच्या काड्यांचे आरे, सायकलच्या जुन्या ट्यूबचे टायर. तेलाच्या डब्याच्या पत्र्याचे बॉनेट, खोक्याच्या लाकडाची चासी, फाटक्या पर्सच्या रेक्झिनची बैठक. मूळ गाडीची मागची चाके सायकलीसारखी चेनने फिरत. ती चेन बहिणीच्या तुटक्या खोट्या साखळीची केली. साखळी तुटकीच होती असे भाचा सांगतो, बहिणीचे म्हणणे निराळे आहे.

गाडीला फिका करडा रंग दिला, वर चकचकीत वॉर्निश मारले. गाडी खरोखर देखणी झाली. संध्याकाळी दाजी हात पुसत घरात आले, गाडी उचलून खालून-वरून पाहिली आणि म्हणाले, "चांगली केली रे. पण ही शोरूममधली हाय. ही पळालेली नाही."

पोराचा चेहरा उतरला. येथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. शाळेच्या पालकसभेला पप्पांनी येऊ नये, असे त्याने आईला बजावले होते. का, तर पप्पांची नखे काळी असतात. बहिणीने हे आम्हांला चुलीपाशी हळू आवाजात सांगितले. दाजींना बहुधा ठाऊक असावे. त्या सभेच्या दिवशी ते गॅरेज सोडून हलले नव्हते.

दुसऱ्या दिवसापासून गाडी जुनी करण्याचे काम सुरू झाले. नवी करण्यापेक्षा हे काम अवघड, हे आम्ही अनुभवाने सांगतो. पहिल्या उत्साहात आम्ही गॅरेजमधला गंज किसून सगळीकडे लावला. दाजी हसले. "पाव्हणे, चेनीला गंज कसा चढंल? तिथं तेल असतं. तेलावर धूळ बसती आन् काळा चिखल होतो. गंज पाहिजे सायलेन्सरच्या नळीला. ती तापती, तिचा रंग जळून जातो." मग त्यांनी बोटाने एकेक जागा दाखविली. चढताना पाय पडतो तेथे रंग गेलेला. हात टेकतो ती कड घासून लकाकणारी. पेट्रोल भरताना सांडते, म्हणून टाकीच्या तोंडाखाली ओघळ. चिखल मडगार्डच्या बाहेरून थोडा, आतून जाड. बैठक मधोमध गुळगुळीत, कडेला तडकलेली. प्रत्येक डागाला कारण पाहिजे, नुसती घाण फासून चालत नाही. आम्ही कचेरीत व्हाउचर तपासतो त्यातलाच हा प्रकार.

रंग उडालेला दाखवायची युक्ती मिठाची आहे. आधी तपकिरी रंगाचा हात देऊन तो वाळू द्यावा. नंतर जेथे टवके दाखवायचे तेथे पाण्याने ओले करून बारीक मीठ भुरभुरावे व वाळवावे. त्यावर वरचा रंग द्यावा आणि सुकल्यावर दात घासायच्या जुन्या ब्रशने घासावे. मीठ निघून जाते, खालचा तपकिरी उघडा पडतो. आमची चूक अशी झाली की वरचा रंग आम्ही ब्रशने दिला, त्यात सगळे मीठ वाहून आले. फवाऱ्याचा डबाच लागतो. तो जिंतूरहून आणला. फवारा उघड्यावर मारावा, तोंडाला रुमाल बांधावा, आणि चूल किंवा गॅस पेटता असेल तर जवळपास मारूच नये. लोखंड उघडे पडल्याचा भास हवा तेथे पेन्सिलीच्या शिशाची पूड बोटाने चोळावी. सायलेन्सरच्या तोंडाला तव्याखालची काजळी.

सर्वांत छळले ते धुळीने. अंगणातली माती लावली तर गाडीवर दगड पडल्यासारखे दिसू लागले. कारण साधे आहे. बारावा हिस्सा मापात एक मिलिमीटरचा कण म्हणजे खऱ्या गाडीवर बारा मिलिमीटरचा खडा. बहिणीने जुन्या धोतराच्या फडक्यातून माती दोनदा गाळून दिली, तेव्हा कोठे ती धूळ वाटली. चिखलासाठी तीच माती पातळ फेव्हिकॉलमध्ये कालवली. सैबेरियाच्या चिखलाच्या जागी आपली जिंतूर तालुक्यातील काळी माती चालवून घेतली. शेवटी बिनचमकीच्या वॉर्निशचा हलका फवारा मारला. त्याने पूड पक्की बसते, पण निम्मी दिसेनाशी होते, म्हणून पूड आधीच दुप्पट लावावी.

हे करता करता रात्री आम्ही त्या शर्यतीची पुढची हकीकत वाचून दाखविली. गाडीबरोबर जॉर्ज शूस्टर नावाचा कारखान्यातला मेकॅनिक होता. निघताना तो दुरुस्तीपुरता होता, सुकाणू दुसऱ्याच्या हाती. पुढे चालक बदलले आणि अखेर शूस्टरनेच गाडी पॅरिसला नेली. पॅरिसच्या वेशीत पोलिसाने अडविले, दिवा लागत नाही म्हणून. एका सायकलस्वाराने आपला दिवा देऊ केला, तो सायकलवरून निघेना, तेव्हा अख्खी सायकलच मोटारीवर चढविली. नंतर ती मोटार अनेक हातांतून गेली. १९६४ साली विल्यम हॅरा या धनिकाने ती विकत घेतली, पण हीच ती गाडी याबद्दल शंका होती. तेव्हा ९१ वर्षांच्या शूस्टरला बोलाविले. त्याने आपण स्वतः केलेल्या दुरुस्तीच्या खुणा ओळखल्या. मग हॅराच्या कारागिरांनी ती कारखान्यातून निघाली तशी नव्हे, तर पॅरिसला पोचली होती तशी करून ठेवली. आज ती रेनो शहरातील मोटारींच्या संग्रहालयात आहे.

दाजी ऐकत होते. म्हणाले, "आपण मारलेलं वेल्डिंग माणूस विसरत नसतो." आणि जेवायला बसले. भाचा मात्र उठला आणि जळालेल्या मोटरच्या तांब्याच्या तारेची इवलीशी सायकल वळायला बसला. रात्री साडेअकराला ती गाडीवर चढली.

प्रदर्शनाच्या दिवशी आम्ही रजा टाकून गेलो. एका परीक्षकांनी गाडीवर बोट फिरवले आणि म्हणाले, "बाळ, धुऊन तरी आणायची होतीस." नंतर विचारले, "मोटारीवर सायकल कशाला?" पोराने सायकलची हकीकत सांगितली, पण ते पुढच्या टेबलाकडे वळले होते. बक्षीस फिरत्या पंख्याच्या वीजगृहाला गेले. दुसऱ्या परीक्षक बाई मात्र थांबल्या. हे ओघळ, हा गंज कोणी शिकवला, असे त्यांनी विचारले. आम्ही मागेच उभे होतो. भाचा म्हणाला, "माझ्या पप्पांनी. ते बघा, दाराशी उभे आहेत." दाजी कामाच्याच कपड्यांत आले होते. बाईंनी त्यांना आत बोलावले आणि टाकीखालचा ओघळ तिरपा का, ते विचारून घेतले. दाजींनी सांगितले की गाडी चालती असताना सांडलेले पेट्रोल वाऱ्याने मागे ओढले जाते.

खर्चाचा हिशेब कित्येक पालक विचारतील म्हणून देतो. फवाऱ्याचे दोन डबे, फेव्हिकॉल, वॉर्निश व ब्रश मिळून सातशे चाळीस रुपये. बाकी सर्व घरचे. बहिणीच्या साखळीची भरपाई अद्याप बाकी आहे.

गाडी आता गॅरेजच्या फळीवर आहे. तेथे दिवसभर खरी धूळ उडते, आणि ती मापात बसत नाही, म्हणून भाचा दर रविवारी सायकलच्या पंपाने ती उडवून टाकतो.