निर्जन किनाऱ्यांचे शोधकर्ते

अलीकडे आपल्या सुशिक्षित मंडळींत एका नव्या हौसेने मूळ धरले आहे. मुले-सुना युरोपात नोकरीस असतात, उन्हाळ्यात आईवडिलांना बोलावून घेतात, आणि रोम-पॅरिस पाहून झाले की भूमध्य समुद्रातील एखाद्या बेटावर आठवडाभराचा मुक्काम ठरतो. परतल्यावर सांगावयाची कथा बहुधा एकच असते. ‘आम्ही असा एक किनारा शोधून काढला, की जिथे चिटपाखरूही नव्हते!’ ही कथा आम्ही स्नेहसंमेलनांत ऐकली, दिवाळी अंकांतील प्रवासवर्णनांत वाचली, आणि दर वेळी ‘शोधून काढला’ या क्रियापदापाशी अडखळलो. आमची तक्रार या क्रियापदाविरुद्धच आहे. ती सविस्तर मांडण्यासाठी हा लेखप्रपंच.

इटलीच्या सार्डिनिया बेटाचेच उदाहरण घेऊ. तेथील किनारे शतकानुशतके ओस राहिले, ते काही कोणा शोधकर्त्याची वाट पाहत नव्हे. उत्तर आफ्रिकेकडून येणाऱ्या समुद्री चाच्यांच्या भयाने माणसे आत डोंगराकडे सरकली. त्या चाच्यांवर नजर ठेवण्यासाठी स्पॅनिश अमदानीत बांधलेले टेहळणी बुरूज आजही किनाऱ्याने उभे आहेत. चाचे गेले तरी हिवताप राहिला. १९४६ ते १९५० या काळात रॉकफेलर फाउंडेशनच्या साहाय्याने डीडीटी फवारणीची प्रचंड मोहीम झाली, तेव्हा कोठे बेटाची त्या रोगापासून सुटका झाली. त्यानंतर १९६२ साली आगाखान यांच्या पुढाकाराने ईशान्य किनाऱ्यावर ‘कोस्ता स्मेराल्दा’ ही धनिकांची वसाहत आकारास येऊ लागली. म्हणजे ज्या एकांतावर आपण लुब्ध होतो, तो तेथील माणसांनी भोगलेल्या भयाचा आणि रोगाचा अवशेष आहे. धनगरांना आणि कोळ्यांना ती प्रत्येक पुळण नावानिशी ठाऊक होती. ज्याला आधीच नाव आहे, त्याचा शोध लागत नसतो; तेथे फक्त पाहुणा म्हणून जाता येते.

आता हा पाहुणा काय करतो ते पाहू. सार्डिनियाच्या उत्तरेस मादालेना द्वीपसमूहात बुदेल्ली नावाचे लहानसे बेट आहे. तेथील एक पुळण गुलाबी आहे. समुद्रातील एका सूक्ष्म जीवाच्या तांबूस कवचांचा चुरा लाटांबरोबर येऊन वाळूत मिसळतो, त्याचा तो रंग. आन्तोनिओनी या दिग्दर्शकाने १९६४ सालच्या आपल्या चित्रपटात ती पुळण दाखविली आणि तिची कीर्ती पसरली. पुढे लोक येऊ लागले, आणि आठवण म्हणून मूठमूठ वाळू नेऊ लागले. अखेर १९९० च्या दशकात त्या वाळूवर पाऊल ठेवण्यास मनाई करावी लागली, ती आजतागायत आहे. १९८९ पासून २०२१ पर्यंत माउरो मोरांदी नावाचा एक निवृत्त शिक्षक राखणदार म्हणून तेथे एकटा राहिला. एका पुळणीला माणसापासून वाचविण्यासाठी माणूसच बसवावा लागतो, याहून शोधकर्त्यांच्या कर्तृत्वाचा दुसरा पुरावा कोणता हवा?

एका मुठीने काय होते, असे कोणी म्हणेल. २०१९ साली एका फ्रेंच जोडप्याच्या मोटारीत, बेट सोडण्याच्या वेळी, चौदा बाटल्यांत भरलेली सुमारे ४० किलो वाळू सापडली. तेथे २०१७ पासून वाळू नेणाऱ्यास ५०० ते ३,००० युरो दंडाची तरतूद आहे. थेंबे थेंबे तळे साचते हे आपण मुलांना शिकवितो. तळे तसेच आटतेही, हे शिकवावयाचे मात्र राहून जाते.

वाळूची गोष्ट उघड दिसते, समुद्राच्या तळची दिसत नाही. भूमध्य समुद्रात पोसिडोनिया नावाच्या वनस्पतीची कुरणे आहेत. ती शेवाळ नव्हे. तिला मुळे, पाने, फुले सर्व काही असते. तिची वाळलेली पाने शरद ऋतूनंतर किनाऱ्यावर ढिगांनी येऊन पडतात आणि हिवाळी लाटांपासून वाळूचे रक्षण करतात. आमच्या शोधकर्त्यास ही पाने ‘घाण’ वाटतात. तो हॉटेलवाल्याकडे तक्रार करतो, हॉटेलवाला यंत्र लावून ती उचलतो, आणि त्यांबरोबर वाळूही जाते. शिवाय नौकांचे नांगर ही कुरणे मुळासकट उपटतात. बालेआरिक बेटांच्या सरकारने २०१८ साली या कुरणांवर नांगर टाकण्यास बंदी केली, ती काही हौस म्हणून नव्हे.

त्याच बालेआरिक बेटांपैकी मायोर्काच्या आग्नेय टोकाला कालो देस मोरो नावाची चिमुकली पुळण आहे. समाजमाध्यमांवरील छायाचित्रांनी तिला ‘गुप्त स्वर्ग’ ठरविले. परिणामी तेथे दिवसाला ४,००० पर्यंत माणसे लोटू लागल्याचे स्थानिक नगरपालिकेनेच सांगितले. जून २०२४ मध्ये गावकऱ्यांनी सकाळीच जाऊन ती पुळण व्यापली. आपल्याच किनाऱ्यावर एक दिवस बसता यावे म्हणून त्यांना निदर्शन करावे लागले! ‘गुप्त’ म्हणून लाखोंना सांगितलेली जागा ही जगातील सर्वांत उघड जागा असते, एवढे साधे तर्कशास्त्र या प्रचाराला उमगू नये, याचे नवल वाटते.

आमच्या या म्हणण्यावर तीन आक्षेप येतात. पहिला असा, की समुद्र सर्वांचा, मग तिकीट कसले? आम्ही आयुष्याची उमेदीची वर्षे राज्य शासनाच्या सेवेत घालविली. त्या अनुभवाने सांगतो, की जे सर्वांचे म्हणून मोकळे सोडले जाते, ते प्रथम दांडग्यांचे होते आणि मग कोणाचेच उरत नाही. गायरानांचे काय झाले, हे का आपणांस ठाऊक नाही?

दुसरा आक्षेप असा, की मर्यादा घातली म्हणजे किनारे फक्त श्रीमंतांचे होतात. वस्तुस्थिती उलट आहे. सार्डिनियाच्या स्तिंतिनो गावाजवळ ला पेलोझा या पुळणीवर हंगामात दिवसाला १,५०० जणांनाच प्रवेश मिळतो. शुल्क ठेवले गेले साडेतीन युरो. ओल्या टॉवेलाला वाळू चिकटून जाते, म्हणून त्याखाली चटई अंथरणे सक्तीचे आहे. हा नियम लक्षाधीशालाही आहे आणि विद्यार्थ्यालाही. पूर्व किनाऱ्यावरील काला गोलोरित्झे येथेही माणसे मोजून सोडतात, आणि जमिनीवरून जावयाचे तर डोंगर उतरून पायी जावे लागते. बुदेल्लीच्या गुलाबी वाळूवर तर कोणीच जात नाही, खासगी नौकेचा मालकही नाही. समतेचे याहून स्वच्छ उदाहरण आम्हांस तरी सुचत नाही.

तिसरा आक्षेप पोटापाण्याचा. पाहुणे आले नाहीत तर गावे जगणार कशी? हा आक्षेप खरा आहे, म्हणूनच त्याचे उत्तर दारे लावून घेणे हे नसून मोजणे हे आहे. वाळू संपल्यावर पाहुणाही येत नाही. कोंबडी कापून अंडी मिळत नाहीत, हे गोष्टीतील शेतकऱ्याला उशिरा कळले. सार्डिनियाच्या ग्रामपालिकांना ते वेळेवर कळले, एवढाच फरक.

आणि हे सारे सातासमुद्रापलीकडचे, आपला त्याच्याशी काय संबंध, असे निदान गोव्यातील वाचकांनी तरी म्हणू नये. मोरजी, मांद्रे, आगोंद, गालजीबाग येथील पुळणींवर सागरी कासवे अंडी घालावयास येतात. त्यांच्या घरट्यांभोवती वनखात्याने घातलेले कुंपण पाहून नाक मुरडणारे, आणि काणकोणच्या खडकांआडच्या पुळणींना ‘व्हर्जिन बीच’ म्हणून जगाला दाखविणारे, आपल्यांतही आहेत. परमुलखात आपण रांगेत उभे राहून चटई अंथरतो आणि घरच्या किनाऱ्यावर बाटल्या टाकून येतो, हा दुटप्पीपणा आता पुरे झाला.

तेव्हा आमचे मागणे थोडकेच आहे. भूमध्य समुद्रावर अवश्य जावे, डोळे भरून पाहावे, नियम पाळावेत, शुल्क भरावे आणि हात मोकळे ठेवून परतावे. लेख लिहिला तर माणसांविषयी, इतिहासाविषयी, वनस्पतींविषयी लिहावा. परंतु ज्या पुळणीला अजून राखणदार नाही, तिचे नाव आणि वाट छापू नये. या लेखात आलेली नावे सर्व जगजाहीर आहेत; बहुतेकांभोवती बंधनेही आहेत. ज्यांची नावे आम्ही घेतली नाहीत, ती आम्हांस ठाऊक नाहीत असे मात्र कोणी समजू नये. संपादकांनीही अशा लेखांतील ‘कसे जावे’ हा परिच्छेद निर्दयपणे कापावा. एखाद्या लेखकाचा हिरमोड होईल. त्या हिरमोडाच्या मोबदल्यात एक पुळण वाचत असेल, तर व्यवहार तोट्याचा नाही.