तबकड्यांतला मराठी सिनेमा कोण सांभाळणार?

मुंबई-नागपूर लोहमार्गावर मलकापूर मागे पडले की शेगाव येण्यापूर्वी नांदुरा लागते. महामार्गालगतच्या १०५ फुटी मारुतीच्या मूर्तीमुळे हे गाव प्रवाशांच्या लक्षात राहते. बुलढाणा जिल्ह्यातील अशा तालुक्याच्या गावांत ‘चित्रपट संग्राहक’ हे बिरूद सहसा कुणी मिरवत नाही. तरीही या शतकाच्या पहिल्या दशकात अशा गावांतील कितीतरी घरांत, टीव्हीखालच्या कप्प्यात, जुन्या चित्रपटांच्या तबकड्या जमत गेल्या. ‘सांगत्ये ऐका’, ‘पिंजरा’, ‘सामना’, ‘अशी ही बनवाबनवी’, असे ते संग्रह. व्हीसीडी असो वा डीव्हीडी, बोलण्यात ती ‘सीडी’च. आज त्या लावायला चालू स्थितीतला प्लेअर नाही आणि दिवाळीत घर आवरताना भंगारवाल्याकडे जाण्याचा पहिला मान त्यांनाच मिळतो. वरवर पाहता हा कालबाह्य वस्तूंचा नेहमीचा शेवट आहे. परंतु आपल्या समाजाने आपला सिनेमा कसा सांभाळला, हा प्रश्न त्याच्या आड दडलेला आहे.

तबकडीचा अस्त जगभर होतो आहे. टपालाने डीव्हीडी भाड्याने देऊन व्यवसायाचा पाया घालणाऱ्या नेटफ्लिक्सने ही सेवा २९ सप्टेंबर २०२३ रोजी बंद केली. फेब्रुवारी २०२५ मध्ये सोनीने कोऱ्या ब्लू-रे तबकड्यांचे उत्पादन थांबविले. आपल्याकडे ही पडझड त्याआधीच झाली होती. मुंबईच्या काळा घोडा परिसरातील ‘ऱ्हिदम हाऊस’ २०१६ मध्ये बंद झाले. २००७ मध्ये २८ रुपयांत व्हीसीडी आणि ३४ रुपयांत डीव्हीडी देऊन बाजार ढवळून काढणाऱ्या मोझर बेअर कंपनीच्या अवसायनाचा आदेश २०१८ मध्ये निघाला.

या २८ रुपयांचे महत्त्व शहरी वाचकाला कदाचित जाणवणार नाही. चित्रपट विकत घेऊन घरी ठेवता येतो, ही कल्पनाच तोवर निमशहरी महाराष्ट्राला परकी होती. आधी तंबूतला सिनेमा होता, मग टॉकीज आली. ऐंशीच्या दशकात रंगीत टीव्ही आणि व्हीसीआर रात्रभरासाठी भाड्याने आणून तीन-तीन चित्रपट पाहण्याचा सोहळा होत असे. या प्रत्येक टप्प्यावर चित्रपट येई आणि जाई. तो घरात मुक्काम करीत नसे. पुस्तकासारखा तो कपाटात पहिल्यांदा राहिला, तो स्वस्त तबकडीमुळे. ज्या गावात चित्रपट महोत्सव नाही, फिल्म सोसायटी नाही, तिथे १९५९ चा वा १९७२ चा चित्रपट आपल्या सवडीने, हवा तेव्हा पाहण्याची सोय या तबकडीने केली.

अर्थात, या ठेव्याचे गोडवे गाताना त्याची मर्यादा विसरून चालणार नाही. व्हीसीडीवरील चित्राचा आकार ३५२ गुणिले २८८ बिंदूंचा. डीव्हीडीवरील चित्राच्या तो साधारण एक चतुर्थांश भरतो. एका व्हीसीडीत जेमतेम ७४ ते ८० मिनिटांचे चित्रण मावे. त्यामुळे चित्रपट दोन किंवा तीन तबकड्यांत विभागला जाई आणि खर्च वाचविण्यासाठी काही वेळा प्रसंग वा गाणी गाळली जात. बऱ्याचदा मूळ निगेटिव्हपर्यंत न जाता हाताशी असलेल्या टेपवरून तबकडी काढली जाई. कोपऱ्यात कंपनीचे चिन्ह अखेरपर्यंत लुकलुकत राही. पाश्चात्त्य देशांत क्रायटेरियनसारखी संस्था १९८४ पासून अभिजात चित्रपट निगुतीने प्रसिद्ध करीत आली आहे. सत्यजित राय यांच्या अपू चित्रत्रयीची लंडनच्या १९९३ च्या आगीत होरपळलेली निगेटिव्ह दुरुस्त करून हे चित्रपट २०१५ मध्ये तिने पुन्हा लोकांपुढे आणले. मराठी चित्रपटाला असा प्रकाशक लाभला नाही. तबकडीवर काय यावे आणि काय येऊ नये, हे व्यापाऱ्याच्या हिशेबाने ठरले.

मग मोबाइलवर जुना चित्रपट फुकट दिसत असताना या अपुऱ्या तबकड्यांचा अट्टहास कशाला, असा प्रश्न कुणीही विचारील. हा प्रश्न रास्त आहे. अनेक जुने मराठी चित्रपट हक्कधारक कंपन्यांनीच यूट्यूबवर ठेवले आहेत आणि त्यामुळे ते नव्या पिढीपर्यंत पोहोचले, हे मान्यच करावे लागेल. मात्र हे दर्शन दुसऱ्याच्या मर्जीवर अवलंबून असते. हक्कांचा करार संपला, हक्काचा वाद उद्भवला किंवा कंपनीचे धोरण बदलले, की चित्रपट एका रात्रीत दिसेनासा होऊ शकतो. ‘विकत घ्या’ या बटनाखाली प्रत्यक्षात केवळ पाहण्याचा परवाना विकला जातो, हे ग्राहकाला स्पष्ट सांगण्याची सक्ती कॅलिफोर्निया राज्याला १ जानेवारी २०२५ पासून कायद्याने करावी लागली, यातच सारे आले. २८ रुपयांच्या तबकडीच्या मालकाला असा धोका नव्हता. ती त्याची होती.

अस्सल जतन हे शासकीय संग्रहालयाचे काम, हेही खरे. पुण्याचे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ मध्ये स्थापन झाले. पी. के. नायर यांच्यासारख्या ध्यासवेड्या संग्रहपालाने फाळके यांच्या चित्रपटांचे उरलेसुरले रीळ मिळवून वाचविले नसते, तर ‘राजा हरिश्चंद्र’ आज केवळ छायाचित्रांत उरला असता. पण संग्रहालय जन्मले तेव्हा भारतीय सिनेमाने पन्नाशी ओलांडली होती. मूकपटांच्या काळातील सुमारे १३०० चित्रपटांपैकी मोजकेच हाती लागले. १९३१ च्या ‘आलम आरा’ची एकही प्रत उपलब्ध नाही. पुण्यातच ८ जानेवारी २००३ रोजी लागलेल्या आगीत नायट्रेट फितीवरील कितीतरी चित्रपट जळाले. त्यांत ‘प्रभात’चा ऐवजही होता. मे २०२२ मध्ये केंद्र सरकारने सुमारे २२०० चित्रपटांच्या पुनरुज्जीवनासाठी ३६३ कोटी रुपयांची योजना जाहीर केली. संग्रहालय त्याच वर्षी राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झाले. योजना स्वागतार्ह आहे. परंतु पुण्यातील तळघरात सुरक्षित असलेला चित्रपट नांदुऱ्यातील महाविद्यालयीन विद्यार्थ्याला पाहता येत नसेल, तर त्याच्या लेखी तो असून नसल्यासारखाच.

इथे पुस्तकाशी तुलना उद्बोधक ठरते. १९५४ च्या कायद्याने प्रत्येक प्रकाशकाला आपल्या पुस्तकाची प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि अन्य तीन ग्रंथालयांना देणे बंधनकारक केले. चित्रपटाला असे सरसकट बंधन आजवर नाही. राज्याने १९६७ चा सार्वजनिक ग्रंथालय कायदा करून तालुक्या-तालुक्यांत ग्रंथालयांचे जाळे उभे केले. त्या जाळ्याला चित्रपट या माध्यमाची दखल घ्यावीशी वाटली नाही. परिणामी गावात कादंबरी सार्वजनिक झाली, चित्रपट मात्र खासगी कपाटात राहिला; आणि कपाटाच्या मालकाची हौस संपली की तोही संपतो.

वस्तुतः कायदा या बाबतीत वाटतो तितका आडमुठा नाही. स्वामित्व हक्क कायद्यात २०१२ मध्ये झालेल्या दुरुस्तीने व्यावसायिक भाड्याची व्याख्या करताना एक महत्त्वाचा अपवाद ठेवला. नफा न कमावणाऱ्या ग्रंथालयाने वा शिक्षणसंस्थेने रीतसर मिळविलेली चित्रपटाची प्रत ना-नफा तत्त्वावर देणे हे व्यावसायिक भाडे ठरत नाही. म्हणजेच तालुक्याचे ग्रंथालय अस्सल तबकड्या देणगीदाखल स्वीकारून सभासदांना पुस्तकांप्रमाणे घरी देऊ शकते. जाहीर खेळ लावायचा तर हक्कधारकाची परवानगी लागेल. मात्र चित्रपटावरील हक्काची मुदत प्रकाशनाच्या पुढील वर्षापासून ६० वर्षे आहे. १९५३ च्या ‘श्यामची आई’वरील चित्रपट म्हणून असलेला हक्क २०१३ अखेर संपला, पटकथा आणि गीतांचे हक्क वेगळे तपासावे लागतात, एवढेच.

कायद्याची खरी अडचण आहे ती प्रत काढण्याची. जतनासाठी इलेक्ट्रॉनिक साठवण करण्याची सवलत सार्वजनिक ग्रंथालयाला आहे, पण मूळ प्रत डिजिटल नसेल तरच. जीर्ण पुस्तक स्कॅन करता येते. तबकडी जन्मतःच डिजिटल असल्याने ती या सवलतीच्या बाहेर पडते. वास्तविक तिला ही सवलत अधिक निकडीची आहे. अ‍ॅल्युमिनियमचा पातळ थर हवेच्या संपर्काने गंजतो. व्हीसीडीत हा थर छापील बाजूच्या अगदी लगत असतो. त्यामुळे चमकत्या बाजूवरील ओरखड्याहून छापील बाजूवरचा ओरखडा अधिक घातक, हे फार थोड्यांना ठाऊक असते. घरी जाळलेल्या तबकडीतील रंगद्रव्य तर उजेड आणि उष्णता यांनीच विटते. वऱ्हाडातील मे महिन्याचा ४४-४५ अंशांचा पारा आणि टिनपत्र्याखालची खोली यांचा विचार केला, तर या संग्रहांच्या हाती फार वर्षे उरलेली नाहीत.

तेव्हा करण्याजोग्या गोष्टी तीन आहेत आणि त्या खर्चिक नाहीत. तालुका ग्रंथालयांनी अस्सल तबकड्या स्वीकारून त्यांची नोंदवही ठेवावी. चित्रपट, वर्ष, कंपनी, चित्रणाची लांबी आणि स्थिती एवढा तपशील पुरे. अशा याद्या एकत्र करून पुण्याच्या संग्रहाशी ताडून पाहाव्यात. एखादा चित्रपट वा गाळलेला प्रसंग केवळ तबकडीवरच उरला आहे काय, हे त्याविना कळणार नाही. जतनाच्या सवलतीतील ‘डिजिटल नसलेली प्रत’ ही अट केंद्राने बदलावी आणि पुस्तकांप्रमाणे चित्रपटाचीही प्रत जमा करण्याचे बंधन आणावे.

यांपैकी कायदा बदलण्याचे काम दिल्लीचे आहे. ते व्हायला वेळ लागेल. नोंदवहीसाठी मात्र कुणाच्या परवानगीची गरज नाही. एक कपाट, एक चालू प्लेअर आणि दखल घेणारा ग्रंथपाल एवढ्यावर ती सुरू होऊ शकते. फाळक्यांच्या पिढीचा बहुतांश सिनेमा जपण्याची जाणीव येण्यापूर्वीच हातचा गेला. तबकड्यांच्या बाबतीत ती सबब सांगता येणार नाही.