पिंजऱ्यात माणूस, बाहेर शार्क



प्राणिसंग्रहालयात वाघ पिंजऱ्यात असतो नि माणसे बाहेर. समुद्रात उलटे आहे. दक्षिण आफ्रिकेत व ऑस्ट्रेलियात लोक पैसे देऊन लोखंडी पिंजऱ्यात बसतात, पाण्यात उतरतात आणि मोठा पांढरा शार्क मासा बघतात. तो सहा मीटरपर्यंत, म्हणजे आपल्या वर्गाच्या खोलीएवढा लांब वाढतो.

ऑस्ट्रेलियाच्या रॉडनी फॉक्स यांना १९६३ साली शार्क चावला. पुढे त्यांनीच असा पिंजरा तयार केला, आणि शार्क वाचवा असे लोकांना सांगितले.

माझे मत असे आहे, की बघायला हरकत नाही. बघितल्याने भीती जाते. पण आमिष दाखवू नये. शार्क यावा म्हणून दोराला मासे बांधतात, आणि तो आला की दोर ओढून घेतात. पाहुण्याला जेवायला बोलवायचे अन् ताट ओढून घ्यायचे, हे बरे का?

२०१६ साली मेक्सिकोच्या ग्वादालुपे बेटाजवळ एक शार्क आमिषामागे धावला तो थेट पिंजऱ्यातच घुसला. आतला माणूस वाचला, पण शार्क रक्तबंबाळ झाला. २०२३ साली मेक्सिको सरकारने तेथे हे सगळे बंदच केले.

कोणी म्हणेल, आमिष नसेल तर शार्क येणार कसा? नाही आला तर वाट बघावी. मोर दिसावा म्हणून आपण नाही का ओढ्याकाठी गुपचूप बसत? समुद्र हे शार्कचे घर आहे. दुसऱ्याच्या घरी गेल्यावर नीट वागावे, हे तर आपल्याला पहिलीतच शिकवले आहे.

– इयत्ता ४ थी