विश्लेषण : भरतीच्या ऑनलाइन अर्जातील चूक कधी दुरुस्त होते, कधी नाही?

पोलीस शिपाई असो, लिपिक असो की राज्यसेवा, सरकारी नोकरीची पहिली पायरी आता ऑनलाइन अर्ज हीच आहे. चांदवडसारख्या तालुक्याच्या गावी हा अर्ज अनेकदा उमेदवार स्वतः भरत नाही. नेट कॅफे किंवा सेवा केंद्रातील ऑपरेटर भरतो. शेवटच्या दोन दिवसांत संकेतस्थळ मंदावते, रांग वाढते आणि घाईत एखादा आकडा चुकतो. चूक टंकणाऱ्याची असली, तरी अर्जातील घोषणापत्र उमेदवाराच्या नावे असते.

चुका कोणत्या होतात?

काही चुका माहितीच्या असतात. दहावीच्या प्रमाणपत्रावर नाव एक आणि ‘आधार’वर दुसरे, जन्मतारखेत एखादा अंक कमी, छायाचित्राच्या जागी स्वाक्षरी. विवाहित महिलांची शैक्षणिक कागदपत्रे माहेरच्या नावाने, तर ‘आधार’ सासरच्या नावाने असते. अशा वेळी विवाह नोंदणीचा दाखला किंवा नावबदलाचे राजपत्र जोडावे लागते.

दुसऱ्या प्रकारच्या चुका दाव्याच्या असतात. प्रवर्ग चुकीचा निवडणे, मुदत संपलेले नॉन-क्रिमीलेयर प्रमाणपत्र नोंदवणे, खेळाडू किंवा माजी सैनिकाच्या रकान्यात ‘नाही’ राहून जाणे. पुढचा निकाल बहुतेकदा याच फरकावर ठरतो.

दुरुस्तीची मुभा कुठे मिळते?

केंद्राच्या प्रमुख भरती यंत्रणांनी त्यासाठी स्वतंत्र मुदत ठेवली आहे. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या २०२५ च्या नागरी सेवा परीक्षेसाठी अर्जाची मुदत २१ फेब्रुवारीला संपली आणि २२ ते २८ फेब्रुवारी हे सात दिवस दुरुस्तीसाठी मिळाले. कर्मचारी निवड आयोग दोनदा दुरुस्ती करू देतो. पहिल्या वेळी २०० रुपये आणि दुसऱ्या वेळी ५०० रुपये शुल्क आहे. रेल्वे भरती मंडळे प्रत्येक दुरुस्तीला २५० रुपये घेतात. मात्र खाते उघडताना दिलेला मोबाइल क्रमांक आणि ई-मेल तेथे बदलता येत नाही. ऑपरेटरने स्वतःचा क्रमांक टाकला असेल, तर उमेदवाराच्या अर्जाची किल्ली शेवटपर्यंत त्याच्याच हाती राहते.

राज्यातील भरतीत काय?

महाराष्ट्र लोकसेवा आयोगाच्या भरतीत अर्जातील दावे सर्वसाधारणपणे अंतिम मानले जातात. अपवाद घडला तो कायदा बदलल्यामुळे. फेब्रुवारी २०२४ मध्ये मराठा समाजासाठी १० टक्के आरक्षणाचा कायदा आला, तेव्हा राज्यसेवेसाठी आधीच अर्ज केलेल्यांना प्रवर्गाचा दावा बदलण्याची संधी देण्यात आली. म्हणजे आयोगाने ठरवले, तर यंत्रणा पुन्हा खुली करता येते.

चूक लक्षात आल्यावर नव्याने शुल्क भरून दुसरा अर्ज करण्याचा मार्ग काही जण निवडतात. २०२३ च्या तलाठी भरतीत खुल्या प्रवर्गासाठी शुल्क १,००० रुपये होते, त्यामुळे हा मार्ग स्वस्त नाही. तो धोक्याचाही आहे. काही जाहिरातींत शेवटचा अर्ज ग्राह्य धरतात, काहींत एकापेक्षा जास्त अर्ज आढळल्यास सर्वच बाद होतात.

न्यायालयाची भूमिका काय?

बिहार पोलीस शिपाई भरतीत एका उमेदवाराच्या अर्जात १८ डिसेंबर १९९७ ऐवजी ८ डिसेंबर १९९७ अशी जन्मतारीख पडली. अर्ज सायबर कॅफेत भरला होता. निवडीचे टप्पे पार करूनही तो अपात्र ठरला. उच्च न्यायालयात दोनदा दाद मिळाली नाही. अखेर २ जानेवारी २०२४ रोजी न्या. जे. के. माहेश्वरी आणि न्या. के. व्ही. विश्वनाथन यांच्या खंडपीठाने ही चूक क्षुल्लक ठरवली. दहा दिवसांच्या फरकाने त्याला कोणताही फायदा होत नव्हता. न्यायालयाने नियुक्तीपत्र देण्याचा आदेश दिला, पण २०१७ च्या जाहिरातीतील नोकरीसाठी २०२४ उजाडले.

याच खंडपीठाने ऑक्टोबर २०२३ मध्ये नागरी सेवेच्या काही उमेदवारांना मात्र दिलासा नाकारला होता. आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकाचे विहित प्रमाणपत्र ठरलेल्या तारखेपर्यंत त्यांच्याकडे नव्हते. दोन्ही निकाल एकत्र वाचले तर सूत्र स्पष्ट होते : हाताची चूक माफ होऊ शकते, मुदतीनंतरचा दावा नाही. कारण एकाचा दावा मान्य केला, तर यादीतील दुसऱ्याची जागा जाते.

उमेदवाराने काय करावे?

नोंदणी स्वतःच्याच मोबाइलवर आणि ई-मेलवर करावी, पासवर्ड स्वतःकडे ठेवावा. शुल्क भरण्यापूर्वी अर्जाची प्रत दहावीच्या प्रमाणपत्राशी अक्षरशः ताडून पाहावी. प्रांत कार्यालयातून मिळणाऱ्या नॉन-क्रिमीलेयर प्रमाणपत्राची मुदत जाहिरात येण्याआधीच तपासावी. उशिरा चूक सापडल्यास ती लपवू नये. कागदपत्र पडताळणीपूर्वी लेखी विनंती देऊन पोच घ्यावी. राज्याच्या सेवेत निवड नाकारली गेल्यास चांदवडच्या उमेदवाराला प्रशासकीय न्यायाधिकरणाच्या मुंबई पीठाकडे, साधारण एका वर्षाच्या आत जावे लागते. त्यात वकिलाचा खर्च, खेपा आणि सरणारे वय यांची भर पडते.

शिपाई किंवा तलाठी पदासाठी हा खर्च अनेक कुटुंबांना पेलणारा नाही. राज्याने प्रत्येक भरतीत सात दिवसांची दुरुस्तीची मुदत सक्तीची केली, तर माहितीच्या बऱ्याच चुका न्यायालयापर्यंत न जाता तालुक्यातच निस्तरता येतील.