कातकऱ्यांच्या पायाखालची जमीन

पेण तालुक्यातील गागोदे बुद्रुक हे आचार्य विनोबा भावे यांचे जन्मगाव. ११ सप्टेंबर १८९५ रोजी तेथे जन्मलेल्या या पुरुषाने १८ एप्रिल १९५१ रोजी तेलंगणातील पोचमपल्ली येथे भूमिहीनांसाठी जमिनीचे पहिले दान स्वीकारले आणि पुढे सारा देश पायी पालथा घातला. ज्या मातीत भूदानाचा हा प्रणेता जन्मला, त्याच पेण तालुक्यात आणि शेजारच्या रोह्यात, ज्यांना शेतीसाठी सोडाच पण चूल मांडण्यापुरतीही स्वतःची जागा नाही, अशी कातकरी कुटुंबे आजही वाडीवाडीवर राहत आहेत. घर त्यांचे, घराखालची जमीन मात्र दुसऱ्याची. पेण म्हटले की गणपतीच्या मूर्ती आणि रोहे म्हटले की चिंतामणराव देशमुख आठवावेत, हे योग्यच आहे. परंतु या दोन तालुक्यांचे वर्णन तेवढ्यावर संपत नाही.

कातकरी किंवा काथोडी ही महाराष्ट्रातील तीन आदिम जमातींपैकी एक. कोलाम आणि माडिया गोंड या अन्य दोन. देशात अशा ७५ जमाती सरकारने निश्चित केल्या आहेत. २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात काथोडींची संख्या सुमारे २ लाख ८५ हजार होती आणि त्यांची मुख्य वस्ती रायगड आणि जुन्या ठाणे जिल्ह्यात आहे. म्हणजे ही जमात कुठे दुर्गम अरण्यात दडलेली नाही. मुंबईच्या दारात, महामार्गाच्या आणि रेल्वेच्या कडेला ती राहते. तिची उपेक्षा अंतरामुळे झाली, असे म्हणण्याची सोय कोणालाही नाही.

या जमातीचे नावच तिच्या धंद्यावरून पडले आहे. खैराच्या लाकडाचा गाभा तासून त्याचे ढलपे उकळावयाचे, तो अर्क आटवून त्याचा कात पाडावयाचा, हे त्यांचे परंपरागत काम. विड्याला रंग आणणारा कात ज्यांच्या हातून तयार होत असे, त्यांचा स्वतःचा संसार मात्र कधी रंगला नाही. १८७८ च्या वनकायद्याने जंगल सरकारजमा झाले, खैर तोडणे गुन्हा ठरला आणि एका कलमाच्या फटकाऱ्याने एका जमातीचा धंदा अपराध बनला. त्यानंतर कातकरी कोळशाच्या भट्टीवर गेला. शहरांत गॅस आणि रॉकेल आल्यावर कोळशाची मागणी ओसरली, तेव्हा तो वीटभट्टीवर आला. तीनही धंद्यांत आग तीच राहिली, मालक मात्र बदलत गेले. फरक एवढाच, की काताच्या भट्टीचा मालक तो स्वतः होता.

कातकऱ्यांपाशी संस्कृती नाही, असा एक समज सुशिक्षितांत आहे. तो अज्ञानाचा आहे. रामाच्या सैन्यातील वानरांचे आपण वंशज, अशी कथा ते पूर्वापार सांगत आले, आणि गेल्या शतकातील इंग्रज अंमलदारांनीही ती नोंदून ठेवली. त्यांची स्वतःची बोली आहे. परंतु ती लिहिली जात नाही आणि शाळेत ऐकूही येत नाही. कोणता कंद कोणत्या महिन्यात खणावा, पहिल्या पावसात चढणीचे मासे कोणत्या ओहोळात येतात, खेकड्याचे बीळ कसे ओळखावे, मध कसा उतरवावा, याचे जे ज्ञान कातकरी पोराला दहाव्या वर्षी असते ते वनस्पतिशास्त्राच्या पदवीधरालाही सहसा नसते. शेतातील उंदीर खातात म्हणून गावाने त्यांना हिणवले. परंतु ज्या समाजाला दुष्काळात उपाशी मरू न देता जगवणारे हे अन्न होते, त्याला हसण्याचा अधिकार भरल्या पोटी बसलेल्यांनी घेऊ नये.

नदी हा कातकऱ्यांचा दुसरा आधार. अंबा आणि कुंडलिका या नद्या, त्यांचे ओहोळ आणि खाजणे यांवर त्यांचे पावसाळ्यातील पोट चाले. रोह्याजवळ धाटाव येथे कारखाने आले आणि कुंडलिकेचे पाणी पूर्वीचे उरले नाही. भिरा येथील वीजगृहातून सुटणाऱ्या पाण्यावर कोलाडला शहरी पर्यटक नौकाविहाराला येतात. पेणजवळच्या हेटवणे धरणाचे पाणी नवी मुंबईला जाते. या साऱ्या गोष्टी आपापल्या जागी उपयुक्त असतीलही; परंतु नदीचा प्रत्येक थेंब कोणाच्या ना कोणाच्या हिशेबात जमा झाला, आणि ज्यांनी ती पिढ्यान् पिढ्या वापरली, त्यांचे नाव तेवढे त्या हिशेबात आले नाही.

हा अनुभव केवळ रायगडचा नाही. नेपाळात नारायणी आणि राप्ती या नद्यांच्या काठी बोटे नावाची जमात आहे. नाव चालवून माणसे पैलतीरी पोहोचवणे आणि मासे धरणे, हा तिचा धंदा. नद्यांवर पूल झाले आणि नाव थांबली. १९७३ साली चितवनचे राष्ट्रीय उद्यान झाले आणि मासेमारीवर व जंगलात फिरण्यावर बंधने आली. गेंड्याचे रक्षण झाले, ही आनंदाची गोष्ट. पण नदीकाठच्या माणसाला आपल्याच नदीत जाळे टाकण्यासाठी परवाना मागावा लागला. खैर गेलेला कातकरी आणि नदी गेलेला बोटे यांच्यात देशाची सीमा असली, तरी दोघांवर ओढवलेला प्रसंग एकच आहे. संपत्तीवर ज्याची वहिवाट आहे पण कागद नाही, तो आधुनिक राज्यात पाहुणा ठरतो.

कागद नसण्याची किंमत काय असते, हे पेण तालुक्याने आणखी एका वेळी पाहिले आहे. महामुंबई विशेष आर्थिक क्षेत्रासाठी पेण, पनवेल आणि उरण तालुक्यांतील जमिनी घेण्याचा घाट घातला गेला, तेव्हा शेतकरी निकराने लढले. हेटवण्याच्या लाभक्षेत्रातील २२ गावांत २१ सप्टेंबर २००८ रोजी शेतकऱ्यांचे मत अजमावण्यात आले. आपल्या देशात जमिनीसंबंधी असा कौल क्वचितच घेतला गेला असेल, आणि त्या लढ्याबद्दल रायगडच्या शेतकऱ्याला मानच दिला पाहिजे. परंतु हे मत ज्यांच्या नावे सात-बारा होता, त्यांचे होते. त्याच शिवारात मजुरी करणाऱ्या आणि त्याच बांधावर झोपडी घालून राहणाऱ्या कातकऱ्याला त्यात मत असण्याचे कारण नव्हते. कारण त्याच्या नावे उतारा नव्हता.

हा प्रश्न आता पूर्वीपेक्षा निकडीचा झाला आहे. पूर्वी शेतकऱ्याला राबणारे हात हवे असत. म्हणून त्याने माळावर, वरकस जमिनीत कातकऱ्यांना राहू दिले. तेव्हा त्या जमिनीला किंमत नव्हती. १२ जानेवारी २०२४ रोजी शिवडी-न्हावा शेवा सागरी सेतूचे उद्घाटन झाले. त्याच वर्षी उरण, पनवेल आणि पेण तालुक्यांतील १२४ गावांसाठी नवनगराची अधिसूचना निघाली. आता माळालाही भाव आला आहे. जमीन विकली जाते, नवा मालक कुंपण घालतो, आणि दोन-तीन पिढ्या राहिलेली वाडी एका सकाळी अतिक्रमण ठरते. २०२३ साली आदिम जमातींसाठी केंद्राने जनमन योजना जाहीर केली व पक्क्या घरांचे आश्वासन दिले. पण घरकुल बांधण्यासाठी पायाखाली जागा लागते. ज्याच्याकडे जागा नाही, त्याला घराचे अनुदान म्हणजे पाण्याविना दिलेले जाळे होय.

जागा नाही म्हणून वाडी अस्थिर, आणि वाडी अस्थिर म्हणून माणूस सावकाराच्या व ठेकेदाराच्या हातात. भाद्रपद-आश्विनात घरातील दाणे संपतात, भात कापणीस आलेले नसते, मजुरी नसते. नेमक्या त्या वेळी भट्टीवाल्याचा माणूस बयाणा घेऊन येतो. दिवाळीनंतर नवरा-बायको जोडीने, पोराबाळांसह भट्टीवर जातात. हजार विटांमागे जोडीला दर ठरतो. आठवड्याला पोटापुरती खर्ची मिळते. पावसाच्या तोंडाशी हिशेब होतो, तेव्हा बयाणा आणि खर्ची वजा जाऊन पुष्कळदा मजुराच्याच अंगावर बाकी निघते. ती फेडण्यासाठी पुढच्या वर्षी पुन्हा तीच भट्टी.

वेठबिगारी नष्ट करणारा कायदा १९७६ साली झाला. किमान वेतनाहून कमी मजुरीवर काम करून घेणे म्हणजे सक्तीचे श्रम होत, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने १९८२ साली दिल्लीतील आशियाई क्रीडास्पर्धांच्या बांधकाम मजुरांच्या खटल्यात दिला. इतके असूनही २०२२ साली इगतपुरी तालुक्यातील कातकरी मुले क्षुल्लक रकमेच्या मोबदल्यात मेंढ्या राखण्यास जुंपल्याचे उघडकीस आले आणि महाराष्ट्राची मान खाली गेली.

काही जण म्हणतात, कातकरी स्वखुशीने उचल घेतो, ती दारूत उडवतो, त्याला कोण काय करणार? दारूने या समाजाचे नुकसान केले आहे, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु उपाशी माणसाच्या होकाराला स्वखुशी म्हणावयाचे असेल, तर त्या शब्दाला अर्थ उरत नाही. दुसरा आक्षेप अधिक विचारार्ह आहे. वाडी ज्याच्या जमिनीत आहे, तो शेतकरीही अनेकदा लहानच असतो. त्याने आपली जमीन का गमवावी? याचे उत्तर असे, की त्याने ती फुकट गमवू नये. योग्य मोबदला सरकारने द्यावा. न्यायाचा खर्च एका गरिबाकडून वसूल करून दुसऱ्या गरिबाला देणे, हा न्याय नव्हे.

यासाठी नव्या कायद्याची वाट पाहण्याचेही कारण नाही. १९६६ च्या जमीन महसूल संहितेने गावठाणाची हद्द ठरवण्याचा अधिकार जिल्हाधिकाऱ्याला दिला आहे. शेतमजुराच्या घराखालच्या जागेचा विचार १९४८ च्या कूळकायद्यातही आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याने डोंगरउतारावरील दळीच्या जमिनी कसणाऱ्यांनाही दाद मागण्याची वाट मोकळी झाली आहे. आदिवासी विकास खात्याचे प्रकल्प कार्यालय तर खुद्द पेणमध्येच आहे. तेव्हा पेण आणि रोहे या दोन तालुक्यांतील प्रत्येक कातकरी वाडीची मोजणी व्हावी, खासगी जमिनीतील वाड्या गावठाण म्हणून जाहीर व्हाव्यात आणि घराखालची जागा नवरा-बायको दोघांच्या नावे लागावी. हे काम ठरावीक मुदतीत होण्यासारखे आहे.

दुसरे काम भाद्रपदातील उपासमारीचे. १९७८ पासून राज्यात आदिवासींसाठी खावटी कर्ज होते. पुढे ते बंद पडले. कोरोनाच्या संकटात खावटी अनुदान म्हणून कुटुंबाला ४,००० रुपये एकदा देण्यात आले. एकदाच दिलेली मदत बयाण्याला पर्याय होऊ शकत नाही. देशाला रोजगार हमीचा धडा महाराष्ट्राने दिला, याचा आपण अभिमान बाळगतो. ती हमी कातकरी वाडीवर नेमकी भट्टीवाला येण्याच्या आधी पोहोचली, तर बयाण्याची गरजच निम्मी होईल.

तिसरे काम शाळेचे. दिवाळीची सुटी संपल्यावर वाडीवरच्या शाळेत शिक्षक हजेरी घेतात आणि नावामागून नाव गैरहजर लागते, हे त्या भागातील गुरुजींना सांगण्याची आवश्यकता नाही. ती मुले भट्टीवर विटा उलथत असतात. आई-बाप कामाला गेले, तरी मूल वाडीवरच राहील, अशी हंगामी वसतिगृहे गावोगाव निघाली पाहिजेत. आणि पहिलीच्या वर्गात त्याला आपल्या बोलीतले चार शब्द ऐकू आले, तर शाळा त्याला परकी वाटणार नाही.

विनोबांनी जमीन दान म्हणून मागितली. कातकऱ्याला आज दान नको आहे. तो जेथे राहतो, जेथे त्याचा बाप राहिला, तेवढी जागा त्याची आहे, एवढे सरकारी दप्तरात लिहिले जावे, इतकीच त्याची मागणी आहे. गागोद्याच्या तालुक्याला एवढेही जमले नाही, तर विनोबांच्या जयंतीला दरवर्षी होणाऱ्या भाषणांना काय अर्थ उरेल?