'आपोआप' म्हणणाऱ्यांना

दोस्त हो, 'आपोआप' हा शब्द ऐकला की कान टवकारा. फार सभ्य शब्द आहे तो. गुन्हेगाराचे हात धुवायला कामी येतो.

टॉमस शेलिंग या अमेरिकन अर्थतज्ज्ञाने १९७१ साली एक पट मांडला. चौकटी, दोन रंगांच्या सोंगट्या. नियम एवढाच : शेजारी निदान एक-तृतीयांश आपल्या रंगाचे हवेत, नसले तर उठून दुसरीकडे जायचं. द्वेष कुणाच्याच मनात नाही. तरी पट फाटतो. रंगारंगाचे मोहल्ले होतात. वारुळाला मुकादम नसतो, तरी वारूळ उभं राहतंच. लहान वागण्यांच्या बेरजेतून मोठा आकार उगवतो. हे शास्त्र खरंय. माझं भांडण शास्त्राशी नाही.

भांडण आहे पांढरपेशा पंडितांशी. ते हा पट नाचवत सांगतात, वस्त्या आपोआप वेगळ्या होतात, दोष कुणाचाच नाही! अरे, संघटित कारवाई आणि पैसा ही कारणं वेगळी, असं खुद्द शेलिंगनंच बजावलंय. अमेरिकेत १९३४ साली निघालेल्या सरकारी गृहकर्ज-हमी खात्यानं वर्षानुवर्षं काळ्यांच्या वस्त्यांना हमी नाकारली. ते खातं काय सोंगटी होतं? त्यानं तर पटच आखला. आणि महारवाडा? शेलिंगची सोंगटी नाराज झाली की उठते. आमच्या आज्याला उठायची मुभा होती काय?

मग जात एकट्या मनूनं लादली? तेही नाही. १९१६ साली कोलंबिया विद्यापीठात पंचवीस वर्षांच्या बाबासाहेबांनी निबंध वाचून हे खोडून काढलं. आधी ब्राह्मणांनी बेटीव्यवहार आपल्यापुरता कोंडला. खालच्यांनी नक्कल केली. नियम मोडणारा बहिष्कृत झाला, बहिष्कृतांची पुन्हा नवी जात झाली. गुंतागुंतीच्या व्यवस्थांचा अभ्यास करणारी सांता फे इन्स्टिट्यूट निघाली १९८४ साली. बाबासाहेब तिच्या ६८ वर्षं आधी बोलून गेले, आणि सुरुवात कुणी केली तेही नाव घेऊन सांगून गेले.

हुकूम देणारा एक नाही, म्हणून गुन्हेगार कुणीच नाही? उलट, नियम पाळणारा प्रत्येकजण गुन्हेगार आहे. मुंगीला नियम बदलता येत नाही, माणसाला येतो. आडनाव विचारून खोली नाकारणारा घरमालक त्या बेरजेतला एक आकडा आहे. त्याला जाब विचाराच. आणि सोयरीक जुळवताना पोटजात बघणारा आपलाच भाऊ दुसरा आकडा आहे. त्यालाही सोडू नका. पहिली नक्कल आपल्या घरात थांबवा.